स्मृतिभ्रंश : शरीराच्या खुणा ओळखू या

आम्ही बँकेत कारकून आहोत. नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या काउंटरपुढे पेन्शनर मंडळींची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. २०१४ पासून तो बोटाच्या ठशावर संगणकातूनही देता येतो. तरीही पुष्कळ वृद्ध स्वतः येऊन सही करणेच पसंत करतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका निवृत्त शिक्षकांची सही आमच्याकडील नमुन्याशी जुळेना. आम्ही त्यांना तीन वेळा सही करायला लावली. प्रत्येक सही आधीच्या सहीपेक्षा बारीक झाली. तिसरी तर मुंग्यांच्या रांगेसारखी दिसत होती. "गुरुजी, जरा मोठ्या अक्षरात करा ना," आम्ही काहीशा चढ्या आवाजात म्हणालो. गुरुजी आमच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही, काहीच नाही. रांगेतले लोक कुरकुरू लागले. शेवटी "मुलाला घेऊन या" असे सांगून आम्ही त्यांना परत पाठवले.

लिहिता लिहिता अक्षर बारीक होत जाणे आणि चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होणे या दोन्ही मज्जासंस्थेच्या आजाराच्या खुणा असू शकतात, हे आम्हाला त्या दिवशी ठाऊक नव्हते. ते कळले आमच्याच घरात, आमच्या मोठ्या बाबांच्या आजारपणात; आणि तेही उशिरा. तो उशीर इतरांच्या घरी होऊ नये, एवढ्याच हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर आहोत, डॉक्टर नव्हे. डॉक्टरांना विचारून, वाचून आणि घरी भोगून जे समजले ते सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

१. केवळ विसरणे नव्हे

'स्मृतिभ्रंश' हे एका आजाराचे नाव नाही. ताप जसा अनेक कारणांनी येतो, तसा स्मृतिभ्रंशही अनेक आजारांतून उद्भवतो. स्मरण, भाषा, हिशेब, वाट ओळखणे, निर्णय घेणे या शक्ती इतक्या खालावतात की माणसाला रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करता येत नाहीत, तेव्हा त्या अवस्थेला स्मृतिभ्रंश म्हणतात. अल्झायमरचा आजार हे त्याचे सर्वांत मोठे कारण. त्याखेरीज मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन होणारा, लेवी बॉडी नावाचा, मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागाचा असे इतर प्रकार आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अखिल भारतीय पाहणीच्या अंदाजानुसार आपल्या देशात साठ वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे.

आपल्याकडे या आजाराची ओळख 'विसरायला होते' एवढ्यावरच थांबते. परंतु मेंदू हा काही नुसता आठवणींचा पेटारा नव्हे. पाय उचलणे, तोल सांभाळणे, घास गिळणे, डोळे फिरवणे, लघवी थोपवून धरणे ही सगळी कामे तोच करवून घेतो. म्हणून मेंदू आजारी पडला की शरीरही बोलू लागते. कोणती खुण आधी आली आणि कोणती नंतर, यावरून आजार कोणता असावा याचा अंदाज बांधता येतो. काही खुणा 'हा आजार बरा होऊ शकेल' असे सांगतात. तर काही 'अमुक औषध देऊ नका' असा इशारा देतात.

२. पहिल्या रुग्णाची कथा

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची एक बाई दाखल झाली. वैद्यकाच्या इतिहासात ती 'ऑगस्टे डी.' या नावाने ओळखली जाते. तेथील डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिची बारकाईने तपासणी केली. तिला स्वतःचे नाव लिहायला सांगितले की ती 'श्रीमती' एवढे लिहून थांबे; पुढचे विसरून जाई. मात्र तिच्या शरीराची तपासणी केल्यावर अल्झायमर यांनी नोंद केली ती अशी : चालण्यात दोष नाही, दोन्ही हात सारखेच चालतात, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात. म्हणजे मन हरवत चालले होते, पण शरीर शाबूत होते.

साडेचार वर्षांत चित्र पालटले. अखेरच्या काळात ती पाय पोटाशी घेऊन अंथरुणावर निपचित पडून असे, मलमूत्राचे भान नव्हते, आणि शुश्रूषा करूनही पाठीला जखमा झाल्या. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला अल्झायमर यांनी तिची हकीकत डॉक्टरांच्या सभेपुढे मांडली. १९१० साली एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

या हकीकतीतून विद्यार्थ्यांनी एक धडा लक्षात ठेवावा. अल्झायमरच्या आजारात सुरुवातीला शरीराची तपासणी बहुधा ठीकच येते. शरीर ढासळते ते पुढे. म्हणून विसरणे नुकतेच सुरू झाले असताना त्याच काळात चालणे बिघडले, अंग ताठरले किंवा माणूस वरचेवर पडू लागला, तर 'हे नुसते अल्झायमर नसावे, आणखी काही शोधले पाहिजे' असे डॉक्टर मानतात.

३. डॉक्टर काय तपासतात?

मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले की ते आधी चालायला सांगतात, वळायला सांगतात, हात पुढे धरायला लावतात, कोपर व मनगट हलवून पाहतात, छोट्या हातोडीने गुडघ्यावर ठोकतात. घरच्यांना वाटते, 'डोक्याचा आजार आणि हे पाय कसले बघतात?' पण यातील प्रत्येक कृतीला अर्थ आहे.

तळपायाच्या कडेने टाचेकडून वर रेघ ओढली की निरोगी प्रौढाचा अंगठा खाली वळतो. तो वर उचलला गेला, तर मेंदूकडून खाली येणारा हालचालीचा मार्ग दुखावला आहे असे समजतात. पॅरिसचे डॉक्टर जोझेफ बाबिन्स्की यांनी १८९६ साली ही खुण सांगितली. तान्ह्या मुलांत अंगठा वर जाणे स्वाभाविक असते, कारण त्यांचा तो मार्ग अजून पक्का झालेला नसतो. कपाळावर भुवयांच्या मध्ये बोटाने हलकेच ठोकत राहिले, तर आपण चार-पाच वेळा पापण्या मिटतो आणि मग थांबतो. कंपवाताच्या रुग्णाची पापणी प्रत्येक ठोक्याला मिटतच राहते. पाय जुळवून उभे करून डोळे मिटायला सांगतात, त्यावरून पायाची जाणीव शाबूत आहे की नाही ते कळते. 'माझ्या हाताची नक्कल करा', 'केस विंचरून दाखवा' असे सांगतात. शक्ती असूनही कृती जमत नसेल, तर दोष हातात नसून कृतीची आखणी करणाऱ्या मेंदूत आहे.

या तपासण्यांना यंत्र लागत नाही, लागते ती नजर. ती नजर थोडीफार आपल्यालाही कमावता येते.

४. चाल

आम्हाला विचाराल तर सर्वांत बोलकी खुण म्हणजे चाल. घरातील माणसाची चाल आपण न बघताही ओळखतो. जिन्यावर पाऊल वाजले की कोण आले ते कळते. ती चाल बदलली, तर त्याची नोंद घ्यावी.

पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, पाऊल टाकायलाच वेळ लागतो, पावले आखूड व फाकलेली पडतात, पण बसल्या जागी तोच माणूस पाय नीट हलवू शकतो. अशी चाल मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यावर दिसते, तसेच मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचल्यावरही दिसते. पुढे वाकलेली मान, एका हाताचा न हलणारा झोका, वळताना पाच-सहा छोटी पावले, ही कंपवाताच्या जातीची चाल. कारण नसता पाठीमागे पडणे आणि नजर खाली वळवता न येणे, ही आणखी एका विरळ आजाराची खुण आहे. तो आजार स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्हस्की या तीन डॉक्टरांनी १९६४ साली वर्णिला. असा माणूस ताटाकडे पाहू शकत नाही. म्हणून वरण अंगावर सांडते आणि 'जेवायची शुद्ध नाही' असे बोलणे त्याला ऐकावे लागते.

चालता चालता बोलणे ही साधी गोष्ट वाटते; पण एकाच वेळी दोन कामे करायला मेंदूची शिल्लक लागते. बोलायला लागले की जे वृद्ध चालणे थांबवतात, ते पुढे पडण्याचा संभव अधिक असतो, असे स्वीडनमधील एका अभ्यासात १९९७ साली दाखवून दिले गेले. आपल्या घरातील वडीलधारे बोलताना थांबतात का, हे सहज बघता येईल. थांबत असतील तर रस्ता ओलांडताना त्यांच्याशी बोलू नये.

५. ताठरपणा, कंप आणि आमचे मोठे बाबा

१८१७ साली लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी कंपवाताचे वर्णन केले. १९१२ साली फ्रित्स लेवी यांना अशा रुग्णांच्या मेंदूतील पेशींत बारीक गोळ्यांसारखे कण दिसले. त्यांनाच 'लेवी बॉडी' म्हणतात. हेच कण मेंदूच्या वरच्या भागात पसरले तर स्मृतिभ्रंश होतो, हे जपानचे डॉक्टर केंजी कोसाका यांनी १९७६ पासून मांडले. या प्रकारात चार गोष्टी प्रामुख्याने दिसतात : अंगाचा ताठरपणा, संथपणा वा कंप, नसलेली माणसे, मुले, जनावरे स्पष्ट दिसणे, एक दिवस चांगला तर दुसरा वाईट असा चढउतार, आणि झोपेत स्वप्नाप्रमाणे ओरडणे, हातपाय झाडणे. ही शेवटची खुण पुष्कळदा बाकीच्या खुणांच्या कितीतरी वर्षे आधी येते.

हे वाचून आम्ही सुन्न झालो, कारण आमच्या मोठ्या बाबांच्या बाबतीत हे सगळे घडून गेले होते. मोठे बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. २०११ च्या सुमारास ते झोपेत लाथा मारू लागले. मोठ्या आईने आपली खाट वेगळी केली आणि घरात त्यावर हसणे झाले. २०१६ साली ते अंगणातल्या कडुनिंबाखाली पोरे बसलेली बघू लागले. "अवं, त्या पोरायले चहा दे ना," असे मोठ्या आईला सांगायचे. कोणी बाहेरची बाधा म्हणाले, कोणी वय झाले म्हणाले. पाहुणे आले की मात्र ते खुर्चीत बसून रेल्वेच्या जुन्या गोष्टी रंगवून सांगत. पाहुणे गेले की पुन्हा गप्प. त्यामुळे 'हे नाटक करतात' असा सर्वांचा समज झाला. लाजिरवाणी गोष्ट अशी की, आम्हीही तसेच म्हणत होतो. याच काळात पेन्शनच्या कागदावरील त्यांची सही बारीक झाली. आम्ही ती नजरेने पाहिली. तिचा अर्थ मात्र वाचला नाही.

२०१७ साली एका रात्री ते फार अस्वस्थ झाले. आम्ही त्यांना जवळच्या दवाखान्यात नेले. 'शांत करण्याचे' इंजेक्शन देण्यात आले. दुसऱ्या दिवशी मोठे बाबा लाकडासारखे ताठ झाले. मान वळेना, तोंड उघडेना, पाणी घशाखाली उतरेना. अकरा दिवस रुग्णालयात काढावे लागले. तेथील मेंदूच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे झोपेत हातपाय झाडत होते का?" दुसरा विचारला, "नसलेली माणसं दिसत होती का?" मोठी आई म्हणाली, "हो, पण ते आम्हाला कुणी विचारलंच नाही." खरे तर आम्हीही कोणाला सांगितले नव्हते.

लेवी बॉडीच्या रुग्णांना हॅलोपेरिडॉलसारखी मन शांत करणारी औषधे फार धोकादायक ठरू शकतात, हे त्या दिवशी आम्हाला कळले. रात्री अडीच वाजता नवख्या डॉक्टरपुढे घाबरलेली माणसे उभी असतात. त्या डॉक्टरला तरी आम्ही काय दोष द्यावा? झोपेतल्या लाथा, कडुनिंबाखालची पोरे आणि बारीक सही, या तीन गोष्टी एका कागदावर लिहून खिशात असत्या, तर कदाचित ते अकरा दिवस टळले असते. त्यानंतर मोठे बाबा पूर्वीसारखे कधीच चालले नाहीत. २०१९ साली ते गेले.

६. 'अंग धरतात', 'हात सोडत नाहीत'

स्मृतिभ्रंश वाढलेल्या माणसाला कपडे घालताना तो हात आखडून धरतो. आपण जोर लावला की तो अधिकच ताठ होतो. घरातली माणसे वैतागतात, 'मुद्दाम करतात' म्हणतात. ही सुद्धा एक खुण आहे. कंपवाताचा ताठरपणा हात हळू हलवा की जलद, सारखाच राहतो. कधी दातेरी चाकासारखा टप्प्याटप्प्याने सुटतो. पक्षाघाताचा ताठरपणा आधी अडतो आणि मग चाकूचे पाते मिटावे तसा एकदम सैल होतो. स्मृतिभ्रंशातील हा तिसरा प्रकार मात्र आपल्या घाईवर अवलंबून असतो. आपण जितक्या जोराने आणि झपाट्याने हात ओढू, तितका विरोध वाढतो. सावकाश, बोलत बोलत हलवला तर कमी होतो. तो हट्ट नव्हे. मेंदूच्या पुढच्या भागाचा लगाम सुटल्यामुळे स्नायू आपोआप विरोध करतात.

तीच गोष्ट मुठीची. तान्ह्या बाळाच्या तळहातात बोट दिले की ते घट्ट धरते. काही महिन्यांनी मेंदू वाढतो आणि ही पकड झाकली जाते. मेंदूचा पुढचा भाग झिजला की ती पुन्हा उघडी पडते. रुग्णाच्या तळहाताला आपला हात, पदर किंवा खाटेची दांडी लागली की मूठ मिटते आणि त्याच्या इच्छेने सुटत नाही. मोठ्या आईचा पदर मोठ्या बाबांनी कितीदा असा धरून ठेवला, आणि 'सोडा ना आता' म्हणून ती कितीदा चिडली! बोटे जोराने उलगडू नयेत. हाताची मागची बाजू हळूहळू कुरवाळली की मूठ पुष्कळदा सैल होते. गालाला चमचा लागताच तोंड तिकडे वळणे, ओठांना स्पर्श होताच चोखल्यासारखी हालचाल होणे, याही याच जातीच्या खुणा. मोठा माणूस लहान मूल झाला असे आपण म्हणतो, त्यात शरीरशास्त्राच्या दृष्टीने थोडे तथ्य आहे. पण त्याचा मान मुलाचा नाही, वडीलधाऱ्याचा आहे, हे विसरू नये.

७. इतर काही खुणा

एका बाजूचा हात-पाय कमजोर होणे, तोंड वाकडे होणे, जीभ जड होणे आणि स्मरणशक्ती पायरी-पायरीने खाली येणे, यावरून रक्तवाहिन्यांचा विकार सूचित होतो. अशा काही रुग्णांना कारण नसता रडू कोसळते किंवा हसू फुटते. आतून दुःख वा आनंद असतोच असे नाही. हसण्या-रडण्यावरचा ताबा सुटलेला असतो. या प्रकारात रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांना आवर घातला तर पुढची पायरी टाळता किंवा लांबवता येते.

स्वभाव एकाएकी बदलून माणूस बेफिकीर, निर्लज्ज किंवा थंड होणे, आणि त्याबरोबर हाताचे स्नायू वाळणे, कातडीखाली बारीक फडफड दिसणे, गिळताना ठसका लागणे, ही मेंदूच्या पुढच्या भागाचा आजार आणि स्नायूंच्या मज्जापेशींचा आजार एकत्र असल्याची खुण असू शकते. अंग नाचल्यासारखे आपोआप हलणे आणि घराण्यात तसा आजार असणे, ही १८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन यांनी वर्णिलेल्या आनुवंशिक आजाराची खुण. काही आठवड्यांत वा महिन्यांत झपाट्याने भान हरपत जाणे आणि आवाज होताच सर्वांग दचकून झटका बसणे, हे फार विरळ परंतु गंभीर आजाराचे लक्षण आहे. अल्झायमरच्या उत्तरार्धातही असे झटके किंवा फिट येऊ शकते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एकच खुण पाहून निदान करू नये. हात थरथरतो म्हणजे कंपवातच असे नाही. कित्येक निरोगी घराण्यांत पिढ्यान्पिढ्या हात थरथरतात. वर सांगितलेल्या काही बालपणीच्या प्रतिक्षिप्त क्रिया निरोगी वृद्धांतही थोड्या प्रमाणात सापडतात. खुणांचा मेळ बघायचा असतो, आणि तो बघणे डॉक्टरांचे काम. आपले काम आहे ते नेमके सांगण्याचे.

८. जे बरे होऊ शकते ते आधी शोधावे

'आता वय झाले, डॉक्टर काय करणार' असे म्हणण्यापूर्वी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

मेंदूतील पाण्याचा विकार : १९६५ साली कोलंबियाचे सालोमोन हाकिम आणि अमेरिकेचे रेमंड ॲडम्स व सहकाऱ्यांनी याचे वर्णन केले. आधी चाल बिघडते, मग लघवीवरचा ताबा जातो, बुद्धी मंदावते. पाठीच्या कण्यातून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून चाल सुधारते का ते पाहतात. सुधारली तर नळी बसवून पाण्याला वाट करून देता येते. चालणे पुष्कळांचे सुधारते. लवकर केले तर अधिक.

डोक्यात साचलेले रक्त : म्हातारा माणूस न्हाणीघरात घसरतो, डोक्याला टेंगूळ येते, ते विसरले जाते. काही आठवड्यांनी तो गुंगीत राहू लागतो, एक पाय ओढतो, बरळतो. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचलेले असू शकते. स्कॅनमध्ये दिसते आणि शस्त्रक्रियेने काढता येते.

बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता : तळपाय बधिर होतात, मुंग्या येतात, अंधारात तोल जातो. तोंड धुताना डोळे मिटले की माणूस हेलकावतो. निव्वळ शाकाहारी लोकांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ही कमतरता अधिक आढळते. रक्ततपासणीने कळते, इंजेक्शनने वा गोळीने भरून निघते. थायरॉइडचा विकारही असाच रक्ततपासणीत सापडतो.

औषधांचा परिणाम : चक्कर येते म्हणून दिलेल्या सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिनसारख्या गोळ्या, उलटी थांबवणारे मेटोक्लोप्रामाइड, ही औषधे दीर्घकाळ घेतल्यास वृद्धांत कंपवातासारखा ताठरपणा येऊ शकतो. दुकानातून जुनी चिठ्ठी दाखवून तीच गोळी वर्षभर आणणे हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे. घरातील सर्व गोळ्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. मात्र स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी एकदम बंद करू नये.

आणि एक गोष्ट : कालपर्यंत बरा असलेला माणूस आज एकाएकी बरळू लागला, तर तो स्मृतिभ्रंश नव्हे असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लघवीचा वा छातीचा जंतुसंसर्ग, शरीरातील सोडियम कमी होणे, साखर उतरणे, पक्षाघात, अशी कारणे असतात.

९. शंभर पानी वही

आमची सूचना साधी आहे. घरात शंभर पानी वही ठेवावी आणि शिकणाऱ्या मुलामुलींनी ती चालवावी. तारीख घालून पुढील गोष्टी लिहाव्यात : विसरणे केव्हा सुरू झाले आणि चाल केव्हा बिघडली, आधी काय व नंतर काय; किती वेळा पडले, पुढे की मागे; कंप स्वस्थ बसल्यावर येतो की काम करताना; झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात का; नसलेले काही दिसते का; दिवसागणिक फरक पडतो का; लघवी होऊन जाते का; जेवताना ठसका लागतो का; एखादी बाजू कमजोर वाटते का; कोणत्या गोळ्या केव्हापासून चालू आहेत. घरच्यांची संमती असेल तर चालण्याची दहा-वीस सेकंदांची चित्रफीत मोबाइलवर घ्यावी. जुनी व नवी सहीही दाखवावी. डॉक्टरांकडे दहा मिनिटे असतात. वही असली तर ती दहा मिनिटे कारणी लागतात. निदान झाल्यावर आजाराचे नाव आणि 'अमुक औषध देऊ नये' ही सूचना मोठ्या अक्षरात पहिल्या पानावर लिहावी. रात्री-अपरात्री तीच कामी येते.

१०. शुश्रूषा आणि व्यवहार

खुण समजली की शुश्रूषा बदलते. चाल अडखळत असेल तर उंबऱ्याजवळ दिवा, न्हाणीघरात धरायला दांडी, पायपुसणे हटवणे आणि मागून बंद चपला एवढ्यानेही पडणे कमी होते. पाय चिकटले तर ओढू नये. 'एक, दोन' असा ताल द्यावा किंवा फरशीच्या रेघेवर पाऊल टाकायला सांगावे. गिळणे अवघड झाले तर ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास द्यावेत; जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. पातळ पाण्याने ठसका लागतो, तेव्हा दाट पेज सोपी पडते. घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे या रुग्णांच्या मृत्यूचे मोठे कारण आहे. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी.

बँकेच्या बाबतीत एक खुलासा करतो. हात चालत नाही म्हणून सही होत नाही ही एक गोष्ट, आणि व्यवहारच समजत नाही ही वेगळी गोष्ट. पहिल्या बाबतीत दोन साक्षीदारांसमोर, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो, अंगठ्याचा ठसा घेण्याची सोय नियमांत आहे. दुसऱ्या बाबतीत नुसता अंगठा उमटवून घेणे हा त्या वृद्धावर अन्याय आहे. तेथे कायदेशीर पालकत्वाचा मार्ग धरावा लागतो. म्हणून समज शाबूत आहे तोवरच नामनिर्देशन, संयुक्त खाते यांची व्यवस्था त्यांच्या इच्छेप्रमाणे करून घ्यावी.

तात्पर्य एवढेच की, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला आपले दुखणे शब्दांत सांगता येत नाही. ते त्याची चाल सांगते, मूठ सांगते, सही सांगते. आपण त्याला हट्ट म्हणतो, नाटक म्हणतो, बाधा म्हणतो, आणि बोलणाऱ्यालाच गप्प बसवतो.

ते गुरुजी पुन्हा आमच्या काउंटरवर आले नाहीत. पुढच्या वर्षीपासून त्यांचा दाखला मुलगा संगणकातून भरू लागला. आता सही लहान झालेला कोणी पेन्शनर समोर आला, तर आम्ही त्यांना आत खुर्चीवर बसवतो आणि सवडीने सही करू देतो. बरोबर कोणी आले असेल तर त्याला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "अलीकडे यांची चाल बदलली आहे का हो?"